उंबऱ्यावरची धमनी

गल्लीत त्यांना सगळे काचवाले म्हणत. चष्म्याच्या काचा घासून देण्यात त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता, आणि त्या उजव्या हाताची गोष्ट घरात सगळ्यांना पाठ होती. तरुणपणी एकदा रक्त तपासायला सुई टोचली, तर लालभडक चिळकांडी उडून थेट नर्सच्या टोपीवर गेली. मग मोठे डॉक्टर आले. कोपराच्या खोबणीत बोट ठेवून म्हणाले, की इतरांची ही धमनी स्नायूखाली दडलेली असते. यांची काखेजवळच वेगळी फुटून कातडीखालून हातात उतरते. दिसते शिरेसारखी. शीर समजून कोणी तिच्यात औषध सोडलं, तर बोटं हातची जातील.

तेव्हापासून सुई घेऊन कोणी जवळ आलं, की काचवाले हात मागे घेऊन म्हणत, "ताई, इथे नको हं. ही आतल्या घरची, उंबऱ्यावर येऊन बसलीय." नर्स हसत आणि दुसरा हात धरत. लग्न नवं असताना त्यांची बायको त्याच खोबणीत बोट ठेवून झोपे. चोरासारखी टकटक करते मेली, म्हणे.

त्या दुपारी काचवाल्यांना दुकानातच आकडी आली. डोळे उघडले, पण वाचा गेली. दवाखान्याच्या गाडीत बायकोच्या मनात पहिला विचार आला तो हाच, की आता सुईवालीला सांगणार कोण? तिने पर्समधलं निळं पेन काढलं आणि त्यांच्या उजव्या कोपराच्या खोबणीवर लिहिलं, 'धमनी. सुई नको.' गाडीच्या धक्क्यांनी अक्षरं वेडीवाकडी झाली. तिने ती पुन्हा गिरवली.

समोर थोरली नणंद बसली होती. "अगं, माणूस राहतोय की जातोय याचा पत्ता नाही, आणि तुझा जीव हातात अडकलाय."

"वन्सं, ते राहिले तर हात लागेल ना त्यांना," ती म्हणाली.

दारावर तिला अडवलं. तिने दारवानाला सगळं सांगितलं. माणूस वाईट नव्हता. आत सगळी शिकलेली माणसं आहेत, तुम्ही बसा, म्हणाला. घाईने आत जाणाऱ्या डॉक्टरांना सांगितलं, त्यांनी न ऐकताच मान हलवली. शेवटी ती बाकावर टेकली. लिहिलंय ना आपण, एवढाच तिला धीर होता.

आत त्यांना दुसरी आकडी आली. आकडी थांबवायचं औषध ताबडतोब द्यायचं होतं. शिकवल्याप्रमाणे नर्सने आधी स्पिरिटचा बोळा फिरवला, आणि कातडी निळी दिसली म्हणून आणखी एकदा घासून पुसली. मग वर आलेली सगळ्यात चांगली शीर बघून सुई घातली. ते ओरडले. सगळ्यांना वाटलं, आकडीतच ओरडले.

बायकोला आत सोडलं तेव्हा त्यांची करंगळीकडची तीन बोटं मेणबत्तीसारखी पांढरी पडली होती. काच पेलायची ती याच बोटांनी. शेजारच्या ताटलीत निळा बोळा पडला होता. तिने खोबणीत बोट ठेवलं, टकटक लागली. मनगटाकडे चाचपत गेली. तिथे काहीच नव्हतं. तिने हाका मारल्या, डॉक्टर धावले, होतं नव्हतं ते सगळं केलं. बोटं काळी पडत गेली.

नर्स जेमतेम तिच्या धाकट्या मुलीच्या वयाची. "दुकानातून आणलं होतं ना, मला वाटलं शाई सांडलीय," एवढं बोलून भिंतीकडे तोंड करून रडायला लागली. तिला काय बोलायचं? पुसल्याशिवाय सुई घातली असती, तर तेही चूकच. वन्सं भावाचे पाय चेपत बसून राहिल्या.

काही दिवसांनी त्यांची जीभ सैल होऊ लागली. हं, हूं, एवढंच. बोटांचं त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. एका सकाळी तीच नर्स रक्त घ्यायला आली आणि डाव्या बाजूला वळली. तिच्या हातातली सुई पाहून काचवाल्यांनी बँडेज बांधलेला उजवा हात छातीशी ओढला. ओठ जुळवायला वेळ लागला.

"ताई," जड जिभेने ते म्हणाले, "इथे नको हं."

नर्सचा हात तसाच राहिला. तिने बायकोकडे पाहिलं.

बायकोने चादर ओढून तो हात नीट झाकला.

"नाही हो, तिथे नाही टोचणार," ती म्हणाली. "मी सांगितलंय त्यांना."