खोटं बोलावणं

गल्लीत त्याला सगळे बिनतारी म्हणत. हे नाव शेजारच्या टेलरने ठेवलं होतं, आणि टेलरने ठेवलेलं नाव त्याच्या शिलाईसारखंच पक्कं असे, सहसा उसवत नसे. बिनतारीचं उभं आयुष्य रेडिओ आणि अँप्लिफायर दुरुस्त करण्यात गेलं होतं. त्याच्या लेखी जगात दोनच गोष्टी होत्या, आवाज आणि खरखर. आवाज ठेवायचा आणि खरखर काढायची. कुणी कोरा करकरीत सेट हौसेने दाखवायला आणला, तरी हा कान लावून म्हणायचा, "जरा खरखर आहे." लोक हिरमुसले होऊन परत जात. याला मात्र आपण काही वाईट केलं असं कधी वाटलं नाही.

मग बायको आजारी पडली. कमरेखालचं अंग गेलं, दम पुरेना, आणि जी बाई दिवसभर घरात भिरभिरत असायची ती खिडकीजवळच्या पलंगावर येऊन थांबली. घर दुकानापासून लांब नव्हतं. कोपऱ्यावर वळायचं, की जिना चढून वरचा मजला. दिवसा सोबतीला एक मावशी ठेवली होती. पण बिनतारीचा जीव दुकानात रमेना. फोनचा उपयोग नव्हता, कारण अँप्लिफायर लावून बसला की त्याला फोनच काय, दारात बँड वाजला असता तरी कळलं नसतं. शिवाय बायकोची बोटं थरथरायची, फोनवरचे आकडे तिला धड दाबता येत नसत.

तेव्हा त्याने मनावर घेतलं. पलंगाशी एक मोठं बटण आणि दुकानात डोळ्यांसमोर एक लाल दिवा, असा त्याचा बेत होता. मधल्या भिंती आणि गल्ली ओलांडायला त्याने सुटे भाग विकणाऱ्या पार्टवाल्याकडून बिनतारी मॉड्यूलची जोडी आणली. बोटाच्या पेराएवढी पाटी, तिला आठ पिना, आणि एका टोकाला तांब्याची नागमोडी रेघ, तोच तिचा अँटेना. तीच पाटी बोलायची आणि तीच ऐकायची. पहिली पाटी त्याने जोडल्याबरोबर जाळली. जुन्या सवयीने पाच व्होल्ट दिले, आणि तिला हवे होते तीनच्या जरा वर.

"माणसाचं आणि त्या पाटीचं सारखंच रे," टेलर म्हणाला. "जास्त माया लावलीस की जळतंय."

तिच्या बदली आणलेली पाटी जळली नाही, पण मुकी राहिली. निरोप पाठवायच्या क्षणी तिचा विजेचा पुरवठा दबत होता. हे मात्र बिनतारीच्या ओळखीचं दुखणं होतं. त्याने पुरवठ्याच्या दोन पिनांवर एक कपॅसिटर डकवला आणि पाटी बोलू लागली. मग दोन्ही टोकांना चॅनेल एकच ठेवायचा, प्रोग्रॅममध्ये आकड्यांचा पत्ता एकच लिहायचा, वेग सगळ्यात कमी ठेवायचा, कारण सावकाश बोललेलं भिंतींतून लांब जातं. पत्ता एका टोकाला उलटा लिहिला गेला होता, त्यात बरेच दिवस वाया गेले. शेवटी एका सकाळी घरून बटण दाबलं आणि दुकानात लाल दिवा लागला. टेलर शिवण सोडून बघायला आला.

त्या पाट्यांची एक गोष्ट बिनतारीला फार आवडली होती. निरोप मिळाला की ऐकणारी पाटी कुणी न सांगता आपली आपण पोच पाठवायची. तेवढ्यासाठी त्याने बटणाच्या डबीवर एक बारीक हिरवा दिवा बसवला. पलंगाच्या कडेला बसून त्याने बायकोला समजावलं, "हे बघ. दाबलंस आणि हिरवा लागला, म्हणजे माझ्यापर्यंत पोचलं. मग मी आलोच समज."

"कामात असलात तरी?"

"कामात असलो तरी."

पहिले काही दिवस बरे गेले. मग दुपारची खोटी बोलावणी सुरू झाली. लाल दिवा लागायचा, हा हातातलं सोल्डरिंग टाकून धावत सुटायचा, दोन-दोन पायऱ्या चढत वर जायचा, आणि दारात उभा राहून धापा टाकत विचारायचा, "काय झालं? दुखतंय का?"

बायको त्याच्या चेहऱ्याकडे बघून वरमायची. "नाही हो. मी नाही दाबलं."

मावशी स्वयंपाकघरात निघून जायची.

"मग दिवा कसा लागला?"

"काय माहीत बाई. पण आलाच आहात तर बसा थोडं."

तो बसायचा, पण अर्धा. चहा प्यायचा, आणि डोळे डबीवर. मनात हिशेब चालू, की हवेतली ही खरखर, हा कचरा येतोय कुठून. ती त्याला खिडकीतून दिसणाऱ्या गच्चीवरच्या कबुतरांचं काहीतरी सांगत असायची. तो हं म्हणायचा. परत गेल्यावर टेलर विचारायचा, "काय, बोलावणं खरं की खोटं?" आणि हा चिडून म्हणायचा, "खोटं."

पार्टवाल्याने त्याला सांगून पाहिलं होतं. "काका, असं होत नाही. पत्ता जुळल्याशिवाय निरोप आत येतच नाही. वर तपासणीची बेरीज जुळावी लागते. हे तुमच्या जुन्या रेडिओसारखं नाही."

"हवेत कचरा असतो," बिनतारी म्हणाला. "तू पाळण्यात होतास तेव्हापासून ऐकतोय मी."

आणि त्याने तो कचरा काढला. ऐकणाऱ्या टोकाच्या प्रोग्रॅममध्ये त्याने एक नियम घातला. एकटा आलेला निरोप सोडून द्यायचा. पाठोपाठ दुसरा आला तरच लाल दिवा लावायचा. ज्याला खरोखर गरज असते तो एकदा दाबून गप्प बसतो थोडाच, असा त्याचा विचार होता. विचार चुकीचाही नव्हता. बायकोला दम लागला की मावशी घाबरून बटण बडवत राहायची, दिवा लागायचा, आणि हा पोचायचा. खोटी बोलावणी पार थांबली. त्याने घरी याबद्दल चकार शब्द काढला नाही. आत काय बदललं हे तो कधी गिऱ्हाइकालाही सांगत नसे, सेट नीट वाजला म्हणजे झालं.

हिवाळा सरता सरता बायको गेली. शेवटच्या वेळी तो जवळ होता, तिचा हात हातात होता, आणि पुढे लोक भेटायला आले की तो हेच सांगायचा. वेळेवर पोचलो, दिव्यामुळे पोचलो. एवढ्या एका गोष्टीवर तो दिवस ढकलत होता. पलंग तसाच ठेवला होता, डबीही तिथेच होती. दुकानातली पाटी त्याने बंद केली आणि फळीवर ठेवून दिली.

काही महिने असे गेले. एक दिवस बेकरीवाली आली. खाली तिची भट्टी, वर म्हातारे वडील. भट्टीच्या घरघरीत त्यांची हाक ऐकू येत नाही, म्हणाली. "तुम्ही ताईंसाठी केलं होतं ना, तसं मला करून द्या."

बिनतारीला आधी नाही म्हणावंसं वाटलं. पण तिच्या तोंडावरची काळजी त्याच्या ओळखीची होती. त्याने हो म्हटलं.

तो कामाचा कच्चा नव्हता. नियम घालून खरखर दाबणं वेगळं, आणि ती कुठून येते ते शोधणं वेगळं. घरचं प्रकरण होतं तेव्हा घाई होती. आता परक्याचं काम करायचं तर मुळाशी जायला हवं, असं त्याने ठरवलं. फळीवरची पाटी काढली, धूळ पुसली, प्रोग्रॅममधला नियम उडवला आणि पूर्वीसारखी जोडून डोळ्यांसमोर ठेवली. आता एकटा निरोप आला तरी दिवा लागणार होता. वरच्या डबीला हात लावायला घरी कुणीच नव्हतं. म्हणजे दिवा लागला की तो कचराच, मग पकडतोच त्याला.

दिवा लागला नाही. दुपार झाली, तरी नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. त्याने सगळ्यात मोठा अँप्लिफायर सुरू केला. ड्रिल फिरवलं. टेलरला मशीनची मोटर उगाच पळवायला लावली. समोरच्या घरातलं वायफाय, गल्लीतल्या गाड्यांची रिमोटं, सगळं तेव्हा होतं तसं आताही होतं. पूर्ण आठवडा तो त्या दिव्याकडे डोळे लावून बसला. हवा स्वच्छ होती.

"बरं झालं की," टेलर म्हणाला. "कचरा गेला."

बिनतारीला पार्टवाल्याचं म्हणणं आठवत होतं. पत्ता जुळल्याशिवाय आत येत नाही. तो पत्ता साऱ्या जगात एकाच डबीला ठाऊक होता. आणि मग, हातातला स्क्रू स्क्रूंच्या डब्यात टाकता टाकता, त्याला हिरवा दिवा आठवला. पोच पाटी देते, प्रोग्रॅम देत नाही. नियम नंतर लागतो. म्हणजे एकट्या निरोपाला इकडे त्याने केराची टोपली दाखवली, तरी तिकडे पलंगाशी हिरवा लागतच होता.

तो उठला. टेलरला म्हणाला, "जरा जाऊन येतो. दिवा लागला तर सांग मला."

मावशी आता मागच्या गल्लीत एका घरी कामाला होती. तिला त्याने दारातच गाठलं. ती ओले हात पदराला पुसत बाहेर आली आणि त्याचा चेहरा बघून तिने आत बसायचा आग्रह केला नाही.

"मावशी, खरं सांगा. दुपारी ती बटण दाबायची का?"

मावशीने मान खाली घातली. "दादा, ताईंनी शपथ घातली होती."

"आता कसली शपथ."

"दाबायच्या. दुपारी तुमची आठवण यायची त्यांना. नुसतं बघायचं असायचं. पण तुम्ही एवढे घाबरून यायचा, की मग त्यांना लाज वाटायची खरं सांगायला."

"आणि नंतर? मी यायचा थांबलो तेव्हा?"

आतून कुणीतरी तिला हाक मारली, तिने आले म्हणून सांगितलं आणि हलली नाही.

"तेव्हाही दाबायच्या. रोज. एकदाच. मी म्हणायचे, ताई, पुन्हा दाबा, येतील. तर म्हणायच्या, नको, पुन्हा दाबलं की काहीतरी झालं असं वाटून धावत येतील, पडतील कुठे जिन्यात. हिरवा लागला ना, म्हणजे त्यांना दिसलंय. हातात काम असेल. असं म्हणून दाराकडे बघत पडून राहायच्या. मग झोप लागायची."

"रागावायची का?"

"नाही हो. राग नव्हता त्यांना कसला." मावशीने डोळ्याला पदर लावला. "एकदा तेवढ्या म्हणाल्या, मीच सारखं बोलावून त्यांना कंटाळा आणला."

तो घरी कसा आला ते त्याचं त्यालाच कळलं नाही. जिना त्याने एक-एक पायरी करून चढला. खोलीत दुपारचं ऊन पलंगाच्या अर्ध्यापर्यंत आलं होतं. तो तिच्या जागेवर बसला. तिथून दार समोर दिसत होतं, दाराशिवाय फारसं काही दिसतच नव्हतं. इतक्या दिवसांत तो त्या जागी एकदाही बसला नव्हता.

सगळं आयुष्य त्याने खरखर काढली होती. आणि त्या बाईचं रोज दुपारी एकदा, हळूच, कुणाला त्रास होणार नाही असं बोलावणं त्याने खरखर म्हणून काढून टाकलं. ती मरताना तो जवळ होता याचं केवढं समाधान बाळगलं होतं त्याने. पण रोज हिरवा दिवा बघून ती काय समजली असेल? ह्यांना दिसतं आणि तरी हे येत नाहीत. हेच घेऊन ती गेली. आता कुणाला सांगणार, की मला दिसत नव्हतं गं, दिसलं असतं तर आलो असतो. तो मोठ्याने रडला. घरात ऐकायला कुणी नव्हतं, त्यामुळे आवरायचंही कारण नव्हतं.

रडणं ओसरल्यावर त्याने डबी मांडीवर घेतली आणि बटण एकदा दाबलं. एकदाच. हिरवा दिवा लागला आणि विझला. त्याने डबी बाजूला ठेवली आणि दाराकडे बघत बसला. काही वेळ गेला. ऊन पलंगावरून खाली सरकलं. कबुतरं गच्चीवर आली आणि गेली. वाट बघताना वेळ किती सावकाश जातो हे त्याला माहीतच नव्हतं, तो नेहमी धावणाऱ्याच्या बाजूला होता.

मग जिन्यात पावलं वाजली. एक जोरात, एक घासत. टेलरचा एक पाय अधू होता, जिने चढणं त्याला जमत नसे, आणि आजवर तो या घरी सणालाही कधी आला नव्हता. दारात येऊन त्याने चौकट धरली. गळ्यात टेप तशीच होती, कपाळावर घाम होता, चेहरा पांढरा पडला होता.

"दिवा लागला," तो धापा टाकत म्हणाला. "काय झालं रे? बरं आहे ना तुला?"

बिनतारी त्याच्याकडे बघत राहिला. अधू पायाने जिना चढून हा माणूस आपल्यासाठी घाबरून आला, म्हणून त्याला विलक्षण लाज वाटली.

"काही नाही," तो म्हणाला. "मी नाही दाबलं."

टेलरने पलंगाकडे पाहिलं, बिनतारीच्या शेजारच्या डबीकडे पाहिलं.

"पण आलाच आहेस तर बस थोडं."