तीन हातांचं पाणी

आमच्या घरात पुरुष दोन आणि दोघांत मिळून तोंड एकच, ते म्हणजे माझं. बाबांना दादाला काही सांगायचं असलं की ते मला सांगायचे आणि दादाला बाबांना काही सांगायचं असलं की तोही मलाच सांगायचा. दोघे एकाच टेबलाशी बसलेले असायचे, तरीही "तुझ्या त्या दिवट्या भावाला सांग, गॅस संपत आलाय." मग मी मान वळवून म्हणायची, "दादा, गॅस संपत आलाय." दिवटा मधल्यामध्ये गाळायची. दादा म्हणायचा, "त्यांना म्हणावं, मला कान आहेत." बाबांपर्यंत फक्त "बरं म्हणाला" एवढंच पोचायचं. एखाद्या पोस्टमननं असं केलं असतं तर त्याची नोकरी गेली असती. माझी काही जात नव्हती.

हे सुरू झालं आई गेल्यावर. तिचं शिलाई मशीन दादानं कोणाला न विचारता मागच्या गल्लीतल्या एका बाईला देऊन टाकलं. त्याला वाटलं, गंजत पडण्यापेक्षा चालतं राहील. बाबांना वाटलं, यानं आईलाच घराबाहेर काढलं. मला दोघांचंही पटत होतं आणि तीच माझी पंचाईत होती.

मी चष्म्याच्या दुकानात डोळे तपासायची. दूरच्या एका शहरात, डोळ्यांच्या मोठ्या हॉस्पिटलात मला जागा मिळाली. राहायची सोय होती, पुढचं शिकायलाही मिळणार होतं. मला आनंदानं उड्या मारायच्या होत्या, पण मारायच्या कोणासमोर? बाबा कोपऱ्यातल्या कुंडीतल्या पामाकडे बघत म्हणाले, "आधी तो बघ. तुझ्या आईचा आहे. असा पिवळा पडलेला टाकून जाशील?" दादा म्हणाला, "जा की. पण मग बाबांशी मी बोलू कसा?" दोघांनीही नाही म्हटलं नाही. नाही म्हटलं असतं तर भांडता तरी आलं असतं.

पाम खरंच पिवळा पडत चालला होता. आईनं आणला तेव्हा तिच्या गुडघ्याला लागायचा, आता त्याची पानं माझ्या डोक्यावरून जात होती. आधी खालची पिवळी झाली, मग मधली आणि टोकं तपकिरी होऊन चुरायला लागली.

डोळे तपासणाऱ्याला एक सवय असते. हे बरं दिसतं की ते, असं विचारत एका वेळी एकच भिंग बदलायचं. मी पामाचंही तेच केलं. उजेड कमी पडत असेल म्हणून तो खिडकीजवळ सरकवला. फरक नाही. खत दिलं. पानं आणखी पिवळी. दुकानातलं भिंग आणून पानांच्या मागची बाजू बघितली, एकही किडा सापडला नाही. उरलं पाणी. मी पाणी घालायचं बंद केलं आणि वाट बघितली. कुंडी सुकेचना. बोट खुपसलं की चिखल, वर आंबट वास. पाणी घालायचं नाही आणि माती ओलीच, म्हणजे झाड स्वतःच रडतंय की काय, असं मला वाटायला लागलं.

निघायच्या आदल्या दिवशी दुकानाला सुट्टी होती. मी बैठकीत मासिक घेऊन बसले होते. बाबा आतून आले, हातात पाण्याचा तांब्या. मी त्यांना कधी स्वतःचं ताट उचलताना पाहिलं नव्हतं. त्यांनी तांब्या कुंडीत रिकामा केला आणि सदऱ्याच्या टोकानं एक पान पुसलं.

"बाबा, हे रोज?"

ते दचकले. "मग काय करू? तुझ्या भावाला आठवण आहे का कशाची?"

थोड्या वेळानं दादा बाहेरून आला. बूटही न काढता त्यानं बाटलीतलं उरलेलं पाणी कुंडीत ओतलं. "अगं, बाबांनी या घरात कधी कशाला पाणी घातलंय?" तो माझ्या कानाशी कुजबुजला. "मी नसतो तर केव्हाच वाळला असता."

म्हणजे बाबाही घालत होते, दादाही, आणि बंद करेपर्यंत मीही. तिघांनी मिळून आईच्या झाडाला मायेनं बुडवलं होतं आणि दोघांनी एकमेकांना एक शब्द विचारला असता तर हे झालंच नसतं. मला इतका संताप आला की हातातलं मासिक मी जमिनीवर आपटलं.

"माती बदलायला हवी," मी म्हणाले. "मुळं कुजलीत. एकानं खोडं धरायची, दुसऱ्यानं कुंडी ओढायची."

दादा म्हणाला, "बाबांना सांग, खोडं धरायला."

"तूच सांग."

"अगं, पण..."

"मी आज कोणाचं काही कोणाला सांगणार नाही." मी वर्तमानपत्र पसरलं, पाम त्याच्यावर आडवा केला आणि हाताची घडी घालून बसले.

दादा एकटाच कुंडी ओढायला लागला. ती हलेना. त्यानं पाय लावला, जोर केला आणि आतून काहीतरी कटकन मोडलं.

"अरे, असं ओढू नकोस! मुळं तुटतील!"

मी बाबांकडे बघितलं. ते दादाशी बोलले होते, थेट. दादानं कुंडी सोडली. मग म्हणाला, "मग तुम्ही धरा ना खाली."

बाबा गुडघे धरत खाली बसले. कुंडी निघाली. काळी, मऊ पडलेली मुळं मी कात्रीनं कापली, पांढरी होती तेवढी ठेवली. दादानं मातीत वाळू मिसळली. बाबा म्हणाले, अजून घाल, त्यानं घातली. कुंडीचं भोक तळाला मातीनं बुजलं होतं, ते बाबांनी खिळ्यानं मोकळं केलं आणि दादाला दाखवलं. मी पाम कुंडीत सरळ धरून उभी राहिले, दोन्ही बाजूंनी दोघे माती लोटत होते. मला इतकं बरं वाटत होतं की पाठ भरून आली तरी मी हललेसुद्धा नाही.

"आता याच्याकडे रोज कोण बघणार?" बाबा म्हणाले.

"हीच बघेल. आपल्याला कुठे कळतंय?" दादा म्हणाला.

"तेच म्हणतो मी. त्या हॉस्पिटलाचं काय एवढं अडलंय!"

"आणि इथलं दुकान काय वाईट आहे, बाबा?"

दोघांनी एकदमच माझ्याकडे बघितलं, हसून, प्रेमानं. इतक्या दिवसांनी बापलेकांचं एकमत झालं होतं आणि ते माझ्या पायात बेडी घालण्यावर झालं होतं. माझ्या दोन्ही हातांत पाम होता. दाराकडे जायला वाटही नव्हती, एकीकडे बाबा बसले होते, दुसरीकडे दादा.

"मी उद्या जाणार," मी म्हणाले. "दोन बोटं खुपसून बघायची, माती कोरडी लागली तरच पाणी. पिवळी झालेली पानं परत हिरवी होणार नाहीत, ती कापा. नवीन कोंब आला की समजायचं, जगला. आणि पाणी एकानंच घालायचं. कोणी ते तुमचं तुम्ही ठरवा."

बाबांचा चेहरा उतरला. हातातली माती त्यांनी वर्तमानपत्रावर झटकली आणि दादाकडे वळून म्हणाले, "तिला सांग, जायचं तर जा म्हणावं."

दादानं माझ्याकडे बघून तोंड उघडलं. त्याचे कान लाल झाले होते.

"ऐकलं मी," मी म्हणाले, पाम सोडला, दादाच्या मागून अंग चोरून बाहेर पडले आणि हात धुवायला गेले.

नंतर मी खोलीत बॅग भरत होते. बाहेरून आवाज येत होते. "किती बोटं म्हणाली ती?" "दोन, बाबा. एवढी आत नाही, इथपर्यंत." मध्ये दादा हसला, मग बाबाही. ज्यासाठी मी जिवाचं रान केलं होतं ते भिंतीपलीकडे चाललं होतं आणि मला कोणी हाक मारत नव्हतं. जावं आणि त्यांच्यात बसावं असं फार वाटलं. बसले असते तर उठले नसते, हेही मला ठाऊक होतं. मला रडू आवरेना. रडत रडतच मी कपड्यांच्या घड्या घातल्या आणि बॅगेची चेन लावली.