लीकच्या पेटीवरची खिडकी

मी एक जुनी खिडकी आहे, पण मला भिंत नाही. मित्रांनो, नॉर्थम्बरलंडच्या एका खाणगावात भाजी लावायला वाटून दिलेले जमिनीचे तुकडे आहेत. तिथं एका लाकडी पेटीवर मी झाकण म्हणून आडवी पडलेली असते.

सुताराने मला घडवलं, काच पक्की बसावी म्हणून कडेने लांबीचा लगदा भरला आणि मी एका खाणकामगाराच्या स्वयंपाकघरात लागले. ती घरं पाडली तेव्हा जॉर्ज मिलबर्नने मला ढकलगाडीवरून इथं आणलं. त्याच्यामागे त्याच्या मुलाने, कथबर्टने, मला सांभाळलं. माझ्याखाली मिलबर्नांचं लीक वाढे. लीक म्हणजे पातीच्या कांद्याचा दांडगा भाऊ. त्याच्या फुलाच्या गेंदावर गवतासारखी बारीक रोपं, म्हणजे त्याची पोरं, फुटतात, तीच पुढच्या वर्षी लावायची. असं वाण बाजारात मिळत नाही, घरातच चालतं. सप्टेंबरातल्या भाज्यांच्या प्रदर्शनासाठी इथले पुरुष लीकला बायकोपेक्षा जास्त जपतात, असं शेजारच्या तुकड्यातली हिल्डा टुलिप म्हणायची. बायको प्रदर्शनात मांडता येत नाही, हे कथबर्टचं ठरलेलं उत्तर.

एका वसंतात कथबर्टला खुब्याच्या शस्त्रक्रियेसाठी इस्पितळात जावं लागलं. जाताना त्याने हिल्डाला बजावलं, "रात्री झाक, सकाळी उघड. आभाळाला विचारत बसू नकोस."

तो एप्रिल लहरी होता. सकाळी गारा, दुपारी ऊन, रात्री गोठवणारी थंडी. एका सकाळी भुरभुर बर्फ पडत होता. हिल्डाने मला बंदच ठेवलं आणि ती बहिणीकडे गेली. थोड्या वेळाने ढग फाटले. ऊन आत घ्यायचं आणि ऊब बाहेर सोडायची नाही, एवढंच मला येतं. ते मी चोख केलं. ती परतली तेव्हा रोपं शिजवलेल्या पातीसारखी आडवी पडली होती. तिने मला पेटीला टेकवून ठेवलं. मग तिने भराभर सगळं उपटलं आणि आपल्या पेटीतली उत्तम रोपं त्याच ओळींत लावली.

कथबर्ट काठी टेकत परतला. त्याने एक पान बोटांत धरून पाहिलं आणि तिचे आभार मानले. तेव्हापासून हिल्डाला चहा गोड लागेना. ती न सांगता त्याचं तण काढी, घरून केक आणी, सांगायला म्हणून तोंड उघडी आणि हवामानावर बोले. माझ्या काचेकडे मात्र बघत नसे.

सप्टेंबरात कथबर्टने लीक उपटलं, स्वच्छ धुतलं आणि तिच्या ढकलगाडीत ठेवलं.

"घेऊन जा. तुझ्या नावावर मांड."

"असं का रे?"

"आमची पात निळसर. ही पिवळट. पहिल्याच दिवशी कळलं मला."

"बर्फ पडत होता," हिल्डा म्हणाली.

"पडत असेल."

"मग उन्हाळाभर पाणी कशाला घातलंस?"

"या पोरांचा काय दोष?"

आता कथबर्ट नाही. माझी लांबी सुटली आहे, एका कोपऱ्याला तडा गेला आहे. पेटी रिकामी असली तरी हिल्डा रोज सकाळी येऊन मला उघडते.

मित्रांनो, कुणी आपलं काही तुमच्या भरवशावर सोडलं, तर झाकण्याइतकंच उघडण्यालाही जपा. आणि चुकलंच, तर लपवायच्या आधी एकदा नीट पाहा. त्या दिवशी माझ्या चौकटीच्या सावलीत, अगदी कोपऱ्यात, एक निळसर पात अजून उभी होती. सगळ्यांबरोबर तीही उपटली गेली. हिल्डाला ते अजून ठाऊक नाही.