बूथवरचं एक मत

नव्या पक्षाचे दोन खासदार पहिल्यांदाच लोकसभेत गेले आणि भोसरीतल्या आमच्या वर्कशॉपात एका दिवसात सगळेच त्यांचे जुने मतदार निघाले. ज्ञानेश चहाच्या टपरीवर छाती काढून म्हणाला, "अर्जुनराव, आपण तर पहिल्यापासून पान्यालाच मत देतो." पाना हे त्या पक्षाचं चिन्ह. मागच्या निवडणुकीत याच पठ्ठ्याने त्यांच्या पत्रकाला वडापावचे हात पुसले होते, आणि पत्रकं वाटणारा भिवा समोरच उभा होता.

भिवा माझ्या शेजारच्या लेथवर होता. बारा वर्षं आम्ही एका डब्यात जेवलो. त्या मागच्या निवडणुकीत त्याने पान्यासाठी सुट्ट्या टाकून सगळी गल्ली पालथी घातली. मी त्याला आमच्या दारात शब्द दिला, आणि बूथमध्ये गेल्यावर मत फुकट जाईल म्हणून नेहमीचंच बटण दाबलं. आमच्या बूथवर पान्याला एक मत पडलं. ते भिवाचं स्वतःचं, असं मी धरून चाललो. तो मला काहीच बोलला नाही. पुढे त्याचं काम सुटलं, तो जालन्याकडे गावी गेला आणि मी लाजेने फोन टाळत राहिलो. यंदा मशीनवर पाना शोधला, तर इथे त्यांनी उमेदवारच दिला नव्हता. भिवाशिवाय डबा गोड लागत नाही, हे खरं.

काल धीर करून फोन लावला. सुमन, माझी बायको, समोर मेथी निवडत होती. फोन स्पीकरवर होता.

"आरं अर्जुन! लई दिवसानं! हितं सगळ्यायला तुझंच सांगतो. भोसरीत तुमच्या बूथवर आपल्याला एकच मत पडलं, पण माझ्या दोस्तानं शब्द पाळला."

"ते तुझं होतं ना?"

"माझं कसं? माझं नाव आजूक गावच्याच यादीत हाय."

सुमनचे हात थांबले.

"ते माझं," ती हळूच म्हणाली. "तुम्ही शब्द दिलात, म्हणून मीही दाबलं. मला वाटलं, दोन पडतील."

म्हणजे मी शब्द मोडला, हे इतकी वर्षं हिला माहीत होतं.

"हॅलो? अर्जुन?"

"भिवा, ते मत सुमनचं होतं. माझं नव्हतं."

तो म्हणाला, "वहिनीला दे फोन."

मी दिला. दोघं खूप वेळ हसून बोलत होती. मी मेथी निवडत बसलो.