शेऱ्याचा रकाना आणि शेजारची खिडकी

मी शेऱ्याचा रकाना बोलतोय. सोलापुरातल्या एका टॉवेल कारखान्याच्या ऑर्डरच्या पानावर, सगळ्यांत खाली माझी जागा. आमचं पान क्लाऊडवर, म्हणजे कुठल्याशा दूरच्या सर्व्हरवर असतं म्हणे. मला मात्र दोनच माणसं ठाऊक: ऑफिसातल्या शिवलीलाताई आणि मागांच्या शेडमधले मडिवाळप्पा मास्तर.

संगणकवाल्या अमृतने मला काठाचा रंग वगैरे लिहायला घडवलं. पण त्याखाली ताई लिहायच्या, "मास्तर, जेवलात का?" मास्तर लिहायचे, "व्हय. शेंगाचटणी संपली. उद्या आणा की." मग दोघं ते पुसून टाकायचे. सहा वर्षं मी यावरच जगलो.

एकदा पुसायचं राहिलं. माझ्यातला मजकूर चिठ्ठीवर छापला जातो. ती गठ्ठ्याबरोबर अक्कलकोटला वीरभद्रप्पांच्या दुकानात गेली. त्यांचा फोन आला, "ताई, मास्तरांचं ठाऊक न्हाय, आमी जेवलो की!"

मालक हसले नाहीत. आठवड्याभरात अमृतने माझ्या शेजारी चॅटची खिडकी बसवली. निरोप पाठवला की तिकडे लगेच टिंग! समोरचा लिहितोय हेसुद्धा दिसतं. अंगठे काय, हसरे चेहरे काय! माझ्यात लिहिलेलं वाचायला पान पुन्हा उघडावं लागतं. चटणी तिच्याकडे गेली, जेवण तिच्याकडे गेलं. मी जळत राहिलो.

"हा रकाना आता रिकामाच असतो. काढून टाकू?" अमृतने विचारलं.

"एवढी लग्नाची ऑर्डर जाऊ दे," ताई म्हणाल्या.

टॉवेल-टोपीच्या आहेराचे तीनशे टॉवेल होते. लाल काठ माझ्यात लिहिलेला. दुपारी गिऱ्हाइकाने हिरवा सांगितला. ताईंनी तो खिडकीत लिहिला. मास्तरांनी अंगठा दिला आणि मागावर माझीच छापील चिठ्ठी लावली. लाल काठाचे टॉवेल निघालेले पाहून ताई शेडमध्ये धावल्या.

"मास्तर, हिरवा सांगितला होता की!"

"कुटं?" त्यांनी खिडकी वर सरकवली. "व्हय की. अंगठा बी माजाच हाय."

खोटं कशाला बोलू, मला आनंद झाला. पण लग्न रविवारी होतं आणि टॉवेल पुन्हा विणायचे होते. मास्तर दोन दिवस मागापासून हलले नाहीत. खिडकीत ताईंचं "जेवलात का?" तसंच पडून होतं. तेव्हा माझा आनंद ओसरला.

टॉवेल वेळेवर गेले. आता नियम झालाय: रंग, नग, तारीख फक्त शेऱ्यात. मला कुणी काढणार नाही. रोज माझ्यात लिहितात, "हिरवा काठ. तीनशे नग."

शेजारी टिंग वाजतं. ताई हसतात.

ताई, एकदा तरी चुकून माझ्यात विचारा, मास्तर जेवले का. छापायच्या आत पुसून टाका हवं तर.