वाटेतला गठ्ठा

सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी कोरेटोल्याच्या आरोग्य केंद्रातून तिसऱ्यांदा पाठवलेला ईसीजी एटापल्लीत अडकला. चंद्रपूरहून दुरुस्तीला आलेल्या संघप्रियाने कॉम्प्युटरपुढे खुर्ची ओढली.

कोरेटोल्यात मोबाइल लागत नाही. तिथला फोन आणि कागद वायरलेस टॉवरवरून आधी एटापल्लीच्या या कॉम्प्युटरवर येतात, आणि तो ते पुढे चंद्रपूरला धाडतो. आज आवाज जात होता, दोन ओळींचा निरोप जात होता. ईसीजीचं चित्र तेवढं जात नव्हतं.

"ताई, छातीत दुखते म्हणून आलेल्या झाडूभाऊले घाम सुटून राह्यला," स्पीकरवर नर्स करिश्मा म्हणाली. "रक्ताची गुठळी विरघळवायचं इंजेक्शन भरून उभी आहो मी."

"ईसीजी पाहिल्याशिवाय देऊ नकोस," त्याच लाइनवर चंद्रपूरहून डॉक्टर स्वाती म्हणाल्या. "दुखणं हृदयाचं नसलं, तर त्या इंजेक्शनानंच रक्तस्राव होईल."

ऑपरेटर अंकुश मागे उभा होता. "तार हलवून पाहू का, म्याडम?"

"तार चांगली आहे. हे नेटवर्कचं कार्ड नवं दिसते."

"सोमवारी बसवलं. तवापासून मशीन असं पळून राह्यलं! माह्या दिवसभराच्या नोंदी जेवणाआधी होतात."

संघप्रियाचा हात कीबोर्डवर थांबला. मग तिने कार्डाच्या सेटिंग उघडल्या.

"बिडीचा तेंदूपत्ता तोडला असशील तू?"

"घरचं कामच हाय ते."

"सत्तर पानांचा पुडा. वाटेत कोणी तुह्ये दहा पुडे सोडून एकच गठ्ठा बांधून देल्ला तर?"

"फळीवर पुडे मोजून घेणारा मुन्शी तो घेणार नाई."

"तसंच. चित्र बारक्या तुकड्यांत येते. मशीनचं काम हलकं व्हावं म्हणून हे कार्ड ते तुकडे जोडते. तुह्या नोंदींले ते बरं, त्या इथंच राह्यतात. पण चित्र पुढं जायचं आहे, अन् गठ्ठा पुढच्या वाटेत मावत नाई. तिथंच पडते. निरोप एकाच तुकड्यात बसते, म्हणून पोचते."

"बंद करा मग."

"मशीन हळू होईल तुह्यं."

"होऊ द्या ना!"

"करिश्मा, लाइन जाईल. परत येईल. पुन्हा पाठव."

तिने बटण दाबलं. स्पीकर गप्प झाला. कार्डावरचा हिरवा दिवा विझला. अंकुश त्याच्याकडे बघत राहिला. दिवा परत लागला, आणि पलीकडून कोणाचं तरी कण्हणं ऐकू आलं.

थोड्या वेळाने डॉक्टर स्वाती म्हणाल्या, "दिसला. हृदयाचंच आहे. दे, करिश्मा, आत्ता."

"देल्लं," करिश्मा म्हणाली. मग एक म्हातारा आवाज आला. झाडूची बायको, बुधरी. तिने सगळं ऐकलं होतं.

"तो गठ्ठा बांधनारा, बाई. त्यानं चांगल्यासाठीच बांधलं ना?"

"हो, आजी."

"मंग त्याले शिव्या नोका देऊ. तुमाले जोहार. त्याले बी जोहार."

अंकुश हसला. हसता हसता त्याने तोंड फिरवलं आणि मशीनवरची धूळ बाहीने पुसली.

पावणेबाराला झाडूला घेऊन गाडी कोरेटोल्याहून एटापल्लीमार्गे चंद्रपूरला निघाली. तो शुद्धीवर होता. एटापल्लीपर्यंतचा रस्ता तासाभराचा, जंगलाचा, फोन लागत नाही. संघप्रियाची चंद्रपूरची बस होती. तिने ती जाऊ दिली. अंकुशच्या नोंदी अडखळत पुढे सरकत होत्या. तो मधूनमधून खिडकीतून रस्त्याकडे बघत होता.

दीड वाजेपर्यंत गाडी एटापल्लीत पोचलेली नव्हती.