पहाटे कापलेलं केळफूल

नमुना क्रमांक चार हजार एकशे बारा. जाड पांढऱ्या कागदावर दोऱ्याने टाचलेल्या वाळक्या केळफुलाचं सर्वांत बाहेरचं आवरण देठापासून टोकापर्यंत सरळ आहे. लांबी अठरा सेंटीमीटर, टोकाशी एक भेग. कुठेही वळलेलं नाही. एकवीस वर्षं मी ते पाहते आहे, आणि ते सरळ का आहे हे मला एकवीस वर्षं ठाऊक आहे.

वाळवलेल्या वनस्पतींच्या या संग्रहात केळीच्या कुळाचं काम कुणालाच नको असतं. पान माणसापेक्षा लांब, खोडात नुसतं पाणी. कागदावर मावत नाही आणि दाबलं तर कुजतं. मग लोक पानाचा तुकडा आणतात, केळफुलाची एखादी फोड आणतात आणि त्या फोडीवरून नवी जात जाहीर करतात. एकेका रानकेळीला तीन-तीन नावं चिकटली आहेत ती अशी. आमच्या प्रमुखांनीही एक नाव दिलं, स्वतःच्या गुरूंचं. आधार हाच एक नमुना, आणि वाक्य एवढंच: जुन्या जातीचं आवरण उघडल्यावर मागे गुंडाळतं, हिचं सरळ राहतं. त्या एका वाक्यावर त्यांची खुर्ची उभी आहे.

आमच्या ज्या संशोधक विद्यार्थिनीला सगळे ‘जुळ्यांची आई’ म्हणून हाक मारतात, तिने प्रबंधात लिहिलं, की ही दोन नावं एकाच झाडाची आहेत. नियमाने आधी दिलेलं टिकेल, प्रमुखांचं पडेल. प्रमुखांनी निरोप दिला, ते प्रकरण काढा, नाहीतर प्रबंध विसरा. आज त्याचाच निकाल होता.

“ताई, तो नमुना काढून ठेवलात ना?” दोन परीक्षकांना घेऊन प्रमुख आत आले. मागे जुळ्यांची आई, छातीशी फाइल. “मॅडमना एकदा डोळ्यांनी दाखवून टाकू. पाळणा हलवता हलवता नवी जात बुडवायला निघाल्यात.”

परीक्षक हसले.

“सर, तीन हंगाम त्या ओढ्याकाठी बसलेय मी,” ती म्हणाली. “आवरण उघडतं तेव्हा सरळच असतं. ऊन चढलं की गुंडाळतं. प्रत्येक फोटोवर वेळ आहे.”

“फोटो काय, माझा पुतण्यापण काढतो. नमुना काय सांगतो ते बोला.”

नमुना काय सांगणार? त्याला तोंड असतं तर त्याने माझंच नाव घेतलं असतं.

एकवीस वर्षांपूर्वी, त्याच ओढ्याकाठी, कोयता माझ्या हातात होता. ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता. मी म्हटलं होतं, “सर, दुपारपर्यंत थांबू या का? फूल आत्ता कुठे उघडतंय.” “फूल आहे ते, मुहूर्त नाही. काप आणि बस गाडीत.” मी कापलं. वहीत वेळ लिहिली, सहा वाजून दहा मिनिटं. लेबल टाइप होऊन आलं तेव्हा वेळ गाळलेली होती.

आमच्याकडे जुनं लेबल कधी काढत नाहीत. ज्याला ते पटत नाही, त्याने शेजारी आपली चिठ्ठी चिकटवायची. नाव, तारीख, सही. माझी चिठ्ठी नऊ वर्षं खणात पडून आहे, टाचण्यांच्या डबीखाली. आधी बढती आडवी आली, मग मुलीची परीक्षा, मग सासूबाईंचं अंथरूण. कारणं मला कधी कमी पडली नाहीत. प्रमुखांचा राग येतोच. पण त्या डबीकडे हात गेला की स्वतःचा जो राग येतो, त्याने कान तापतात.

“ताई, तुम्ही होतात ना तेव्हा बरोबर?” प्रमुख माझ्याकडे वळले. “सांगा बघू यांना. आवरण सरळ होतं की नव्हतं?”

“सरळ होतं.”

“झालं! ऐकलंत?”

जुळ्यांच्या आईने माझ्याकडे पाहिलंही नाही. ती फाइलची नाडी बांधू लागली. गाठ बसत नव्हती. तीन हंगाम ओढ्याकाठी बसलेली बाई माझ्यामुळे फाइल बंद करत होती.

मी खण ओढला. टाचण्यांची डबी उचलली, चिठ्ठी काढली. कागद कडांना पिवळा पडला होता. नऊ वर्षांपूर्वीची तारीख खोडून आजची घातली. मग डिंकाची बाटली उघडली.

“हे काय चाललंय, ताई?”

“सरळ होतं, कारण मी ते पहाटे सहा-दहाला कापलं. वेळ वहीत आहे, माझ्या अक्षरात. वही या कपाटात आहे. झाड एकच आहे, सर. तुमचं नाव पडतं. चिठ्ठी मी लावतेय, आणि खाली सही माझी आहे.”